उजव्या दुमडीतले सात तुकडे

ज्या वर्षी आमचे वडील गेले आणि चार महिन्यांनी माझी लेक जन्मली, त्याच वर्षी ताईने पहिल्यांदा उलटी गिरकी घेतली. नृत्यशाळेची माणसं मला तारीख विचारतात तेव्हा मी एवढंच सांगते. त्यावरून ती साल काढतात आणि वहीत लिहून घेतात. मला आठवते ती रंगपटातली कपड्यांची टोपली. लेक दोन महिन्यांची होती, टोपलीत झोपायची, आणि मी पायाने टोपली हलवत ताईच्या झग्यांना तुरपाई घालायचे.

उलटी गिरकी काय असते ते आता नाच शिकणाऱ्या प्रत्येक मुलीला माहीत आहे, पण बाकीच्यांसाठी सांगते. नाचाच्या शेवटी उजवीकडे तीन फेरे घ्यायचे आणि लोकांकडे तोंड करून थांबायचं, असं आम्हाला नाच शिकवणाऱ्या मास्तरांनी बसवलेलं होतं. त्या दिवशी ताई डावीकडे फिरली. तिसऱ्या फेऱ्याला ती थांबली, पण तिचा झगा थांबला नाही. तो एकटाच आणखी अर्धा फेरा पुढे गेला, उघडला, आणि मग सावकाश तिच्या पायांशी येऊन बसला. नाचणारी उभी होती आणि नाच अजून चाललेला होता. ताईचा जो फोटो सगळीकडे लावलेला असतो तो त्याच क्षणाचा आहे.

त्या गिरकीतला अर्धा वाटा माझा आहे. त्रेपन्न वर्षं मी हे कोणाला बोलले नव्हते, कारण वाटा मागायचा तर तो कसा मिळाला तेही सांगावं लागलं असतं.

आम्ही दोघी बहिणी एकाच दिवशी मास्तरांकडे गेलो. ताई अकरा वर्षांची, मी सहा. ताई शाळेतून यायची, मी घरून, कारण मला शाळेत घातलंच नव्हतं. आई सारखी आजारी, तिच्या हाताखाली कोणीतरी लागायचं. त्याचं मला तेव्हा काही वाटलं नाही. नाच होता ना. मी ताईच्या मागे उभी राहून शिकले आणि दोन वर्षांत तिच्याइतकंच मला यायला लागलं. तिला जे पाऊल चार दिवसांनी जमायचं ते मला दुसऱ्या दिवशी जमायचं, आणि हे मी तिला दाखवायचे, रोज, स्वयंपाकघराच्या फरशीवर.

मी बारा वर्षांची असताना मास्तर एकदा घरी आले. मी दाराआड उभी होते.

"धाकटीचे पाय चांगले आहेत," ते आईला म्हणाले. "थोरलीपेक्षा चांगले. पण थोरली नुसती उभी राहिली तरी माणूस बघत राहतो. धाकटी नाचत असते आणि मी खिडकीबाहेर बघत असतो."

आई म्हणाली, "मग हिचं काय करायचं?"

"हिला सुई येते का?"

मला सुई येत होती. पुढची चाळीस वर्षं मी ती चालवली. ताईच्या कमरेचं माप मी डोळे मिटून सांगू शकत होते, आणि ते माझ्यापेक्षा दीड बोटाने कमी होतं, माझ्या बाळंतपणाच्या आधीसुद्धा. मीच माप घ्यायचे आणि मीच मनात जळायचे. कधी टाचणी जरा आत गेली तर ती "आई गं" म्हणायची आणि मी "चुकून गं" म्हणायचे. दहातल्या दोन वेळा ते चुकून नसायचं.

आता झग्याबद्दल थोडं सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळायचं नाही. नाचाचा झगा घेरदार असतो. त्याचा घेर नुसता सोडला तर तो वाटेल तसा उडतो आणि तोंडावर येतो. म्हणून खालच्या दुमडीत शिशाचे चपटे तुकडे शिवतात, नखाएवढे, दर वितीला एक. ताईच्या झग्याला अठ्ठावीस लागायचे. बघणाऱ्याला ते दिसत नाहीत. पण नाचणारीचं सगळं त्यांच्यावर असतं. झगा कधी उचलला जाणार, कधी बसणार, हे ते तुकडे ठरवतात, आणि ते तुकडे मी ठरवायचे.

त्या वर्षी नव्या नाचाच्या तालमीला मोठ्या बाई आल्या. मोठ्या बाई म्हणजे मास्तरांच्या गुरू. पंच्याहत्तरी ओलांडलेली, दोन्ही गुडघे गेलेले, हातात काठी. त्यांचा नाच आमच्या पिढीने पाहिलेला नव्हता, नुसता ऐकलेला. मास्तर आमच्यावर चिडले की म्हणायचे, "बाई असत्या तर तुम्हाला झाडू मारायला ठेवलं असतं." त्यामुळे लहानपणी मला वाटायचं, बाई म्हणजे कोणीतरी फार उंच असणार. आल्या तर माझ्या खांद्याला लागत होत्या.

त्यांनी ताईचा अख्खा नाच खुर्चीत बसून पाहिला. संपल्यावर म्हणाल्या, "हात फार लवकर पोचतो तुझा. बघ."

आणि बसल्या बसल्या त्यांनी उजवा हात वर नेला. एवढंच केलं. पण हाताआधी मान वळली, मानेआधी नजर गेली, आणि हात तिथे पोचायच्या आधी खोलीतले आम्ही सगळे तिथे जाऊन थांबलो होतो. मग हात आला, असा, की बराच वेळ वाट पाहिलेलं माणूस दारात यावं. मास्तर, वाजवणारे, जमिनीवर बसलेल्या मुली, कोणी हललं नाही. गुडघे गेलेली बाई खुर्चीत बसून नाचली आणि मला कळलं की मास्तर माझ्या वेळी खिडकीबाहेर का बघायचे. माझे पाय सगळं करायचे, पण कोणाला कुठे न्यायचे नाहीत.

हे कळूनसुद्धा पाय ऐकेनात. मी कोपऱ्यात इस्त्रीच्या टेबलामागे होते. हातात इस्त्री, आणि खाली पाय आपोआप ताईच्या नाचाचा शेवट करत होते. बाईंनी काठी उचलून टेबलाखाली रोखली.

"ही कोण?"

मास्तर बोलणार, तेवढ्यात ताई म्हणाली, "ही आमच्याकडे कपडे बघते."

खोटं काहीच नव्हतं त्यात. मी कपडेच बघत होते. पण "बहीण" हा शब्द तिच्या तोंडात होता आणि तिने तो गिळला, हे मी पाहिलं. बाईंनी काठी खाली ठेवली. इस्त्रीखाली एका वाजवणाऱ्याच्या सदऱ्याची कॉलर जळली, तो पुढे महिनाभर माझ्याशी बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी पहिला प्रयोग होता. सकाळी मी रंगपटात एकटी होते, लेक टोपलीत. मी झगा मांडीवर घेतला, उजव्या बाजूची दुमड उसवली आणि सात तुकडे काढले. उजवीकडे तीन फेरे घेतल्यावर जड बाजू मागून येणार आणि ताईच्या पायांत गुंडाळली जाणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. तिला लागावं असं मला वाटत नव्हतं. ती पडावी असं वाटत होतं. सगळ्यांसमोर, बाईंसमोर, एकदा.

तुकडे मी बटणांच्या डब्यात टाकले. आणि उसवलेली दुमड तशीच सोडायला माझा हात तयार होईना. सुई घेतली आणि बारीक तुरपाई घालून ती परत बंद केली.

प्रयोगाला मी विंगेत उभी होते, लेक खांद्यावर. ताई रंगमंचावर गेली, आणि पहिल्याच अर्ध्या वळणाला मी पाहिलं की झगा तिरका उडतोय. ती हसत होती. मधल्या भागात सगळी छोटी वळणं तिने हळू घेतली, जशी नवीन घरात माणसं अंधारात भिंत चाचपत जातात. शेवटाला ती मध्यभागी आली, उजवा पाय पुढे टाकायचा होता, आणि तिने डावा टाकला.

पुढचं सांगून झालं आहे. नाट्यगृह आधी गप्प झालं, मग जे सुरू झालं ते थांबेना. पहिल्या रांगेत मोठ्या बाई शेजाऱ्याच्या खांद्यावर हात टाकून उभ्या राहिल्या होत्या. ज्या बाई कोणासाठी उठत नसत.

रंगपटात ताईने झगा उतरवून माझ्या हातात दिला.

"उजवीकडची दुमड उसवलीय वाटतं, धाकटे."

"शिवून देते," मी म्हटलं.

"नको. राहू दे अशीच. आणि पुढचे झगेसुद्धा असेच शिव."

एवढंच. तिला अपघात वाटला म्हणून मी सुटले, असं मला वाटलं. सहा आठवड्यांनी त्या नाचाची फिल्म काढली, तीसुद्धा त्याच झग्यात. त्यानंतर ताई नाचली तेवढी वर्षं मी तिचे झगे एकवीस तुकड्यांवर शिवले. प्रत्येक वेळी लोक त्या गिरकीला उभे राहायचे, आणि प्रत्येक वेळी मी विंगेत जळत उभी असायचे. मी तिला पाडायला गेले आणि मीच तिला वर चढवून बसले.

अठ्ठावन्नाव्या वर्षी मी वाचायला शिकले. नात पहिलीत होती, तिच्या शेजारी बसून, तिच्याच पुस्तकावर. सलग वाचलेली माझी पहिली गोष्ट म्हणजे नृत्यशाळेने ताईवर काढलेली पुस्तिका. शाळेत ताईलाही बाई म्हणतात, त्यात तसंच लिहिलं होतं: "ही गिरकी साधण्यासाठी बाईंनी तीन वर्षे अखंड मेहनत घेतली." मी बोट ठेवून दोनदा वाचलं. नव्या वाचणाऱ्याला आधी स्वतःचाच संशय येतो. मग नातीला वाचायला लावलं. तिनेही तेच वाचलं.

"तीन वर्षं कुठली?" मी ताईला विचारलं.

"लिहिणाऱ्याने लिहिलं. मी कशाला खोडू?" ताई म्हणाली.

ताईचीच एक विद्यार्थिनी आता शाळा चालवते. तिला सगळे शिक्षिका म्हणतात, मीही म्हणते. मी आठवड्यातून तीन दिवस अजून तिथे जाते, बटणं, हूक, उसवलेलं-फाटलेलं बघायला. शिक्षिका मुलींना उलटी गिरकी शिकवते, आणि एकीलाही ती जमत नाही. मुली डावीकडे फिरतात, थांबतात, आणि त्यांच्याबरोबर त्यांचे झगेही थांबतात. आज्ञाधारक कारकुनासारखे. शिक्षिका ओरडते, "जोर कमरेतून येऊ दे. बाईंच्या कमरेत जी ताकद होती ती तुमच्यात नाही." मुली कमरेचे व्यायाम करतात. त्यातली एक बुटकी, सगळ्या तिला ठेंगू म्हणतात, ती तर टाचांची सालं निघेपर्यंत करायची. आणि मी कोपऱ्यात बटण लावत बसायचे. सगळ्यांच्या झग्यांना अठ्ठावीस तुकडे, सगळीकडे सारखे, बाजारातून आलेले. सात काढा म्हणायला किती वेळ लागतो? मी म्हटलं नाही. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटायचं. ती एक गोष्ट जगात माझ्याकडे होती आणि त्यांच्याकडे नव्हती.

गेल्या वर्षी शिक्षिकेने ठरवलं की जुन्या पिढ्यांच्या नर्तकांच्या फिल्म एका दुपारी सगळ्यांना दाखवायच्या. ताईला बोलावलं. ताई चौऱ्याऐंशीला आली होती, चाकाच्या खुर्चीवर. खुर्ची ढकलायला मी, वय एकोणऐंशी. दारातल्या उंबऱ्याशी अडकलो तेव्हा ताई म्हणाली, "ढकलायलाही तालीम लागते, धाकटे." तिथल्या माणसाने येऊन उचलून घेतलं.

अंधार झाला आणि पडद्यावर एकेक जण येऊन नाचून गेला. मुकी चित्रं, तुटक, जरा जास्तच भरभर चालणारी. एक पुरुष नर्तक होता, गुडघ्यात वाकून इतका हलका चालायचा की मुली हसायला लागल्या. त्यांना ते विनोदी वाटलं. मला त्याच्या टाचा दिसत होत्या, अख्ख्या चालीत जमिनीला न टेकलेल्या. मग अर्ध्या मिनिटाची एक फिल्म आली, चरे पडलेली. त्यात मोठ्या बाई होत्या, पंचविशीच्या. मी त्यांना पायांवर कधी पाहिलंच नव्हतं. कोणाला कळायच्या आत फिल्म संपलीसुद्धा, पण तेवढ्यात त्यांनी एकदा हात वर नेला, आणि पन्नासेक वर्षांनी खुर्चीत बसून नेला होता तो हाच हात, हे मी ओळखलं. ताईने माझं मनगट पकडलं.

"अजून लवकर पोचतो माझा," ती कुजबुजली.

"लवकर कसला. आता पोचतच नाही," मी म्हटलं. ती हसली.

शेवटी ताईची फिल्म. मी शिवलेला झगा. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा मी तो विंगेतून न बघता समोरून बघत होते. विंगेतून मला नेहमी दुमड दिसायची. समोरून मला ताई दिसली. ती थांबली, झगा पुढे गेला, आणि तेव्हा तिने जे केलं होतं ते मला कधीच दिसलं नव्हतं. तिने मान किंचित वळवून त्या झग्याकडे पाहिलं, पुढे निघून गेलेल्या माणसाकडे बघावं तसं, आणि तो परत येईपर्यंत वाट पाहिली. ते कोणत्याही तुकड्यांत नव्हतं. ते मी शिवलेलं नव्हतं. सात तुकड्यांनी एखादी पडली असती, एखादी सावरली असती. ही बाई त्याची वाट बघत थांबली.

मला रडू आलं, आणि ते कौतुकाचं होतं की हेव्याचं, हे मला आजही वेगळं करता येत नाही.

दिवे लागले. प्रश्न विचारायचे होते. ठेंगू उठली.

"बाई, ही गिरकी तुम्हाला सुचली कशी?"

शिक्षिका ताईच्या तोंडापाशी माईक घेऊन वाकली. ताईचा आवाज बसला होता. ती म्हणाली, "हिला विचारा."

आणि बोट माझ्याकडे.

सगळ्या माना वळल्या. मी एकोणऐंशी वर्षांत पहिल्यांदा एवढ्या लोकांना बघण्याजोगी झाले होते. माईक माझ्याकडे आला. मी उठले.

"मी झग्यातली वजनं काढली होती," मी म्हटलं. "उजव्या बाजूची. सात. ही पडावी म्हणून."

मग कोणीतरी हसलं, आणि मग अख्खं सभागृह हसलं, टाळ्या वाजवून. शिक्षिका माईकमधून म्हणाली, "आजींचा स्वभाव पहिल्यापासून असाच आहे बरं का, मिश्कील." आणखी हशा. मी बसले. त्रेपन्न वर्षं दाताखाली धरलेली गोष्ट मी थुंकली आणि लोकांनी ती विनोद म्हणून उचलून घेतली. ताई तेवढी हसली नाही.

परत येताना मी खुर्ची ढकलत होते. रस्ता उताराचा, त्यामुळे ढकलायची कमी आणि मागे ओढायची जास्त. मी म्हटलं, "तुला माहीत होतं."

"हो तर."

"केव्हापासून?"

"झगा घालायच्या आधीपासून. तू माझ्या हातात दिलास तेव्हाच एक बाजू हलकी लागली. मग मी दुमड चाचपली. सात जागा रिकाम्या."

"मग उसवलीय वाटतं असं का म्हणालीस?"

"तू कबूल होतेस का ते बघत होते. आपोआप उसवलेली दुमड तुरपाई घालून बंद असते का गं?" ताई म्हणाली. "एवढी बारीक तुरपाई त्या रंगपटात दुसरं कोण घालत होतं? चोरी करून वर घर झाडून ठेवणारी तू एकटीच."

मी खुर्ची थांबवली. चाकाला पाय लावला, नाहीतर ती निघाली असती.

"कळलं होतं तर घातलास कशाला? सांगायचंस, मी तिथेच शिवून दिला असता."

"तू विंगेत उभी राहणार होतीस ना. म्हटलं, हिला दाखवते." मग ती म्हणाली, "आणि तसं मी तुझं देणं लागत होते. आदल्या दिवशीचं."

"कपडे बघते, ते?"

"बाईंनी तुझे पाय पाहिले होते टेबलाखाली. मी बहीण म्हटलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, ये पुढे. मास्तर मला रोज ऐकवायचे, पाय बघ धाकटीचे, पाय बघ धाकटीचे. तेराव्या वर्षापासून ऐकत होते मी. माझ्या पोटात काय व्हायचं ते तुला काय माहीत."

मला काय माहीत. मला दुसरं काहीच माहीत नव्हतं.

मी परत ढकलायला लागले. थोड्या वेळाने मला राग आला. मी तिच्यावर जळत होते, ते निदान माझं एकटीचं होतं असं मी धरून चालले होते. तेही हिच्याकडे होतंच. आणि जे मी तिच्याविरुद्ध केलं ते तिने अंगावर चढवायच्या आधीच ताब्यात घेतलं होतं.

"मुलींना का नाही सांगितलंस मग?" मी विचारलं. "इतकी वर्षं कमरा मोडतायत."

"ते तुझं होतं. मी कसं सांगणार?"

मी खुर्ची एका खड्ड्याला वळसा घालून नेली.

मग ती म्हणाली, "आणि त्यांना जमलं असतं तर मला कोणी विचारलं असतं का?"

हे मला जास्त खरं वाटलं. आम्ही दोघी घरापर्यंत हसत गेलो, आणि खुर्ची दोनदा गटाराच्या कडेला गेली.

पुढच्या सोमवारी मी ठेंगूचा झगा मागून घेतला. ती म्हणाली, "आजी, काही फाटलंय का?" मी म्हटलं, "बस गप्प." उजवी दुमड उसवली, सात तुकडे काढले, आणि पुन्हा तुरपाई घातली. आता नजर कमी झाली आहे, टाके थोडे मोठे पडले. शिक्षिका बघत होती. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू उजाडत गेलं, आणि मग ती जमिनीवर माझ्याजवळ येऊन बसली आणि तिने ते सात तुकडे एकेक करून हातात घेऊन पाहिले.

ठेंगू पहिल्या दोन वेळा पडली. पहिल्यांदा नुसती, दुसऱ्यांदा आरशावर. गुरुवारी मी ताईला खुर्चीवरून तालमीच्या खोलीत नेलं. दुपारचं ऊन फरशीवर आलं होतं. ठेंगू मध्यभागी गेली, डावा पाय टाकला, फिरली, थांबली. झगा एकटाच अर्धा फेरा पुढे गेला, उघडला, आणि सावकाश येऊन बसला.

बाकीच्या मुली ओरडायला लागल्या. ठेंगू स्वतःच्या पायांकडे बघत उभी होती, कोणाचे आहेत असं बघावं तशी. झग्याची वाट तिने पाहिली नाही. तेवढं अजून यायचं होतं.

मी ताईच्या कानाशी वाकले. "काय वाटतं?"

"जळफळाट होतोय," ताई म्हणाली. "तुला?"

"मलाही."

"बरं झालं," ती म्हणाली. "एकटीला कंटाळा आला असता."

त्या फिल्ममधला पहिला झगा आता शाळेने काचेच्या पेटीत ठेवला आहे. खाली पाटी आहे. ती मी स्वतः वाचली. त्यात तीन वर्षांच्या मेहनतीचं काही नाही. "शिवण: धाकटी बहीण" असं आहे. पहिले सात तुकडे त्यांनी मागितले होते, मी दिले नाहीत. ते माझ्या बटणांच्या डब्यात आहेत.

मोठ्या बाई ताईच्या त्या पहिल्या प्रयोगानंतर दोन वर्षांनी गेल्या, मास्तर त्याच्या पुढच्या वर्षी. ताई ठेंगूची गिरकी पाहून पाच महिने जगली. माझ्या नातीच्या लग्नाच्या आदल्या आठवड्यात, बुधवारी सकाळी साडेनऊ वाजता ती वारली.